मदत हवी आहे: मोतीबिंदू आणि काचबिंदूचं ऑपरेशन एकदमच करावं का?

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय 69) उजव्या डोळ्याबद्दल अनुभव हवे आहेत. काचबिंदू जुना, ओपन अँगलचा. लॅटॅनोप्रॉस्ट, डॉर्झोलामाइड आणि ब्रिमोनिडीन असे तीन ड्रॉप चालू असूनही डोळ्यातलं प्रेशर 24-25 च्या खाली येत नाही. दमा असल्यामुळे टिमोलॉल बाद. पेरिमेट्रीत (नजरेचा पसारा मोजायच्या तपासणीत) नजरेचा वरचा भाग गेलेला दिसतोय आणि आधीच्या रिपोर्टपेक्षा तो वाढलाय. त्यात मोतीबिंदूही पिकत आलाय. पोथी वाचता येत नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटतं.

एक डॉक्टर म्हणतात, फेको (मोतीबिंदू काढणं) आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी (ट्रॅब, म्हणजे प्रेशर उतरवण्यासाठी डोळ्यातलं पाणी निचरायला नवी वाट करणं) एकदमच करू. भूल एकदाच, आणि नुसता मोतीबिंदू काढल्यावर प्रेशर उसळायची जी भीती असते तीही कमी. दुसरे म्हणतात, आधी फक्त ट्रॅब करा. एकत्र केलं तर सूज जास्त येते आणि पाणी निचरायला केलेली वाट बुजायची शक्यता वाढते. मोतीबिंदू सहा महिन्यांनी बघू. पण तेव्हा मोतीबिंदू काढतानाही तीच वाट बुजू शकते, हेही त्यांनीच सांगितलं! मग थांबून मिळवायचं काय, हे मला कळेना. स्टेंटबद्दलही (पाणी निचरायला डोळ्यात बसवतात ती बारीक नळी) विचारलं, इतक्या पुढे गेलेल्या काचबिंदूत त्याने प्रेशर पुरेसं उतरणार नाही, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

लेन्स मोनोफोकलच (एकाच अंतराची) घ्यायची ठरलीय. काउंटरवरच्या बाई मल्टीफोकलचं (जवळ-दूर दोन्हीच्या लेन्सचं) पॅकेज गळ्यात मारत होत्या, पण काचबिंदूत कॉन्ट्रास्ट आधीच कमी झालेला असतो, ती लेन्स तो आणखी घालवते.

ज्यांच्या घरी असं एकत्र ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा, नंतर ड्रॉप सुटले का? चष्म्याचा नंबर किती दिवसांनी स्थिर झाला? आई पाटणजवळ गावी राहते, मी पुण्यात. सुरुवातीचे काही आठवडे वरचेवर तपासणी, गरज पडली तर लेझरने टाका सैल करणं, असं सांगितलंय. म्हणजे तिला इकडेच आणावं लागेल. किती काळ धरून चालू?

शेजारच्या काकूंना मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसायला लागलं, आईला तेच हवंय. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे तिच्या गळी कसं उतरवलंत?

आणि दम्याचे पेशंट असतील तर ऑपरेशनच्या वेळी उताणं झोपणं आणि नंतरचा खोकला कसा सांभाळलात, तेही लिहा. घरगुती ड्रॉपचे उपाय कृपया नकोत.