स्टॉक साइटवर फोटो विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मोठा कॅमेरा कपाटात आणि मी दुकानात पासपोर्ट फोटो काढत बसलेला. हार्ड डिस्कवर साठ हजारांच्या वर फोटो पडून आहेत. बहुतेक लग्नांचे, बाकी गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, कंबर तलावातली कमळं, हिप्परग्याचे सूर्यास्त, भुईकोट किल्ला.

पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, सगळं शटरस्टॉकवर टाक, घरबसल्या महिन्याला वीस-पंचवीस हजार कुठं गेले नाहीत. त्यानं स्वतः एकही फोटो टाकलेला नाही.

कुठल्या साइटवर टाकू? कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सर, चालेल का? लग्नाचे फोटो आणि गड्ड्याचे फोटो टाकता येतात का? आणि डॉलर आपल्या खात्यात येतात कसे? एका साइटनं नोंदणीचे दीड हजार मागितलेत, ते भरू का?

पार्क_चौक

मावसभावाला म्हणावं, आधी तू टाक बे.

(मलाही हेच विचारायचं होतं, म्हणून इथं बसून बघलालो.)

माळढोक

दीड हजार भरू नका. कुठलीही धड एजन्सी फोटो घ्यायला पैसे मागत नाही, विकला गेला की त्यातला वाटा कापून घेते. एवढं पक्कं ध्यानात ठेवा, म्हणजे अर्ध्या फसवणुकी टळतात.

मी २०१६ पासून टाकतोय. पहिल्या वर्षी २१० फोटो टाकले, कमाई ३८ डॉलर. आता साडेतीन हजारांच्या आसपास फोटो आहेत. बऱ्या महिन्यात चार-पाच हजार रुपये सुटतात, वाईट महिन्यात हजार-बाराशे. लाइट बिल भागतं, घर चालत नाही.

शटरस्टॉकनं १ जून २०२० पासून हिशोब बदलला. वर्षातल्या पहिल्या १०० विक्रींपर्यंत आपला वाटा १५ टक्के, तिथून पायऱ्या चढत २५,००० विक्रींच्या पुढं ४० टक्के. आणि दर १ जानेवारीला लहान-थोर सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. सबस्क्रिप्शनवाल्यानं फोटो उचलला तर कधी कधी हातात फक्त १० सेंट पडतात. डिसेंबरात जरा वर आलेलो असतो, संक्रांतीला परत दहा सेंट. दरवर्षी चिडतो, दरवर्षी टाकतो.

ॲडोबी स्टॉक फोटोमागं सरळ ३३ टक्के देतं, पायऱ्या-बियऱ्या नाहीत. नव्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत. या दोन्हीकडं किमान २५ डॉलर जमल्यावरच पैसे काढता येतात. आयस्टॉक हे गेटीचं. तिथं एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्यांनाच फोटो देणारे, नसलात तर फोटोला १५ टक्के, आणि १०० डॉलर साठेपर्यंत वाट बघायची. इंग्लंडची अलामी आधी तीन फोटो तपासायला मागते आणि त्यातला एक जरी नापास झाला तरी तिन्ही परत करते. विक्री क्वचित होते, पण झाली की रक्कम बरी असते. एक्सक्लुझिव्हच्या नादाला आत्ताच लागू नका. एकच फोटो चार ठिकाणी ठेवता येत असताना स्वतःला एका दावणीला कशाला बांधायचं?

कॅमेरा भरपूर झाला. शटरस्टॉक आणि ॲडोबी दोघांची अट ४ मेगापिक्सेलची आहे. फोटो परत येतात ते नॉइज म्हणजे दाणेदारपणा, हुकलेला फोकस आणि सेन्सरवरची धूळ यांच्यामुळं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये भर दुपारी लांबच्या लेन्सनं काढलेला फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, कडा थरथरलेल्या दिसतील. लेन्स खराब नाही, हवा तापलेली असते. मी नान्नजच्या माळावर हे दोन उन्हाळे वाया घालवून शिकलो.

आता लग्नाचे फोटो. ते विसरा. कॉपीराइट कायदा, १९५७ चा, कलम १७ वाचा. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या साठ हजारांतले बहुतेक फोटो तुमचे नाहीतच, नवरीच्या बापाचे आहेत. शिवाय जाहिरातीत वापरता येईल असा फोटो द्यायचा तर त्यात ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती लागते, त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. संमती न घेता टाकलात आणि उद्या ती नवरी वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिरातीत दिसली, तर तिचे भाऊ दुकानात येतील. वकील नंतर.

गड्ड्याचे चालतात, पण 'एडिटोरियल' म्हणून. म्हणजे बातमी, लेख, पुस्तक यांत वापरायला, जाहिरातीत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी हे सगळं त्यात बसतं आणि रिलीज लागत नाही. अट अशी की फोटोसोबतच्या माहितीच्या ओळीची सुरुवात गाव, देश आणि तारखेनं करायची, मग फोटोत काय चाललंय ते कोरडेपणानं लिहायचं. 'भक्तिरसात न्हालेलं सोलापूर' असलं काही नको. फोटोत खाडाखोडही करायची नाही, मधली वायर पुसली तरी परत येतो. गर्दीतल्या माणसांचे हे फोटो शटरस्टॉकला आणि अलामीला द्या, ॲडोबी ते घेत नाही.

आणि सूर्यास्त? हिप्परग्याचा सूर्यास्त सुंदर असतो हो, पण सूर्य सगळीकडंच मावळतो.

कडक_भाकरी

माळढोकदादांनी सगळं लिहिलं, पण विकतं काय ते राहिलंच.

मी घरातले खाण्याचे फोटो टाकते. खिडकीचा उजेड, एक पांढरा पुठ्ठा आणि सासूबाईंची परात, एवढाच स्टुडिओ. माझा सगळ्यात जास्त गेलेला फोटो कुठला असेल? मूठभर ज्वारी. खरंच, नुसती ज्वारी, तागाच्या पोत्यावर. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्या वर्षभरात तो कितीतरी वेळा गेला. आपल्याला ज्वारीत काय बघायचं असं वाटतं, कारण आपण ती रोज बघतो. परदेशातल्या संपादकाला मालदांडीचं कणीस, हुरडा, भाकरी थापणारे हात हे सहज मिळत नाही, सूर्यास्त मात्र लाखांनी मिळतात.

पण त्यानं शोधलं तर सापडलं पाहिजे ना! तो 'ज्वारी' टाइप करणार नाही. 'सॉर्घम', 'मिलेट', 'ग्लूटेन फ्री', 'इंडियन फ्लॅटब्रेड' असं काहीतरी शोधणार. शब्द इंग्रजीतच द्यावे लागतात. शटरस्टॉकवर कमीत कमी ७, जास्तीत जास्त ५०. ॲडोबीवर ४९ पर्यंत, आणि तिथं क्रमाला किंमत आहे, म्हणून महत्त्वाचे शब्द पहिल्या दहांत घाला. मी आधी सगळ्याच फोटोंना 'ब्युटिफुल', 'नेचर' चिकटवत होते. काही उपयोग नाही.

एकाच गोष्टीच्या पायऱ्या काढा. शेंगा भाजताना, फोलपटं पाखडताना, उखळात कुटताना आणि शेवटी वाटीतली चटणी. लेख लिहिणाऱ्याला चारही लागतात. दुकानातलं पाकीट मात्र फोटोत येऊ देऊ नका. नाव किंवा लोगो दिसला की व्यापारी वापरासाठी तो फोटो बाद.

एक गंमत सांगते. भाकरी थापतानाचे हात माझ्या आजेसासूबाईंचे होते. चेहरा नाही, म्हणून मला वाटलं रिलीज कशाला. फोटो परत! कारण काय, तर हातावरचं गोंदण. टॅटू काढणाऱ्याची परवानगी जोडा म्हणे. सत्तर वर्षांपूर्वी पंढरीच्या वारीत गोंदवून घेतलेलं, त्या गोंदणारणीला आता कुठं शोधू? शेवटी चुलत सासूबाईंचे हात घेतले. आजी आठवडाभर रुसल्या होत्या.

पार्क_चौक

आजींची बाजू बरोबर आहे, ताई.

हिशोबनीस_नवी_पेठ

पैशाचा प्रश्न राहिलाय, तो मी घेतो.

खातं उघडल्यावर अमेरिकन एजन्सी कराचा फॉर्म भरायला लावते. आपल्यासारख्या परदेशी व्यक्तीसाठी तो डब्ल्यू-८बेन. तो भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितलात तर तिकडच्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून १५ टक्के कापतात, नाही भरलात तर ३० टक्के. कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन टाकायचा. पॅनवर, बँकेत आणि एजन्सीकडं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. निम्म्या लोकांचे पैसे आडनाव पुढं की मागं यावरच अडकतात.

पैसे पेपॅल किंवा पेओनियरमधून रुपयांत खात्यावर येतात. त्यांचं शुल्क आणि डॉलरचा त्यांनी लावलेला दर, दोन्ही बघा. म्हणून २५ डॉलर झाले की लगेच उपसू नका, थोडे साठू द्या. कमाई कितीही किरकोळ असली तरी रिटर्नमध्ये दाखवा, आणि तिकडं कापलेल्या कराचं श्रेय इकडं मिळतं हे सीएला आठवणीनं सांगा. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि लहान रक्कम म्हणून तो भरायचा हमखास राहतो.

जुना_रोल

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण कुणीतरी बोललं पाहिजे. एआयनं या धंद्याची हवा काढली. गेटीनं २०२२ मध्ये एआयची चित्रं घ्यायला बंदी केली, ॲडोबी मात्र लेबल लावून घेतं. 'हॅपी इंडियन फॅमिली' शोधून बघा, खरी कोण न् बनावट कोण कळत नाही. वर ॲडोबीनं त्यांचं चित्रं बनवणारं एआय, फायरफ्लाय, शिकवलं ते स्टॉकमधल्याच फोटोंवर, म्हणजे आपल्याच फोटोंवर. बोनस दिला म्हणतात, माझ्या वाट्याला आला त्यात पार्क चौकात दोन प्लेट भजी आली असती.

मी आता गावातच विकतो. चादर-टॉवेलवाल्यांना कॅटलॉग लागतात, दवाखान्यांना भिंतीवर लावायला फोटो लागतात, दिवाळीआधी कॅलेंडरवाले येतात. एका किल्ल्याच्या फोटोचे मला तीन हजार मिळाले, तेवढ्यासाठी शटरस्टॉकवर किती विकावे लागतील ते मोजा.

माळढोक

रोलकाका, तुमचं खरं आहे, पण दोन्ही करता येतं. कॅटलॉगवाल्याशी लिहून घ्या म्हणजे झालं, नाहीतर परत कलम १७.

आणि एआयला सगळं जमत नाही. त्याला सोलापूरचा माग काढायला सांगा, कुठला तरी हातमाग काढून देतं आणि वर बसलेल्या आजोबांना सहा बोटं. खरी जागा आणि खरी तारीख लागणारा एडिटोरियल फोटो अजून माणसालाच काढावा लागतो.

जुळे_सोलापूर

मंडळी, महिनाभर अभ्यास करून ॲडोबीवर पहिले १० टाकले. ७ परत! कमळाचे दोन आणि डाळिंबाचा एक, एवढेच राहिले.

आता मागाचे काढावे म्हणतो. अशोक चौकाच्या पुढं मित्राच्या काकांचे आठ पॉवरलूम आहेत. काल जाऊन आलो, फोटोत आडवे काळे पट्टे आले. आणि कामगारांना रिलीज कशी समजावू? इंग्रजी कागद बघितल्यावर एक मावशी म्हणाल्या, "जागा लिहून घेतोयस का काय?"

माळढोक

पट्टे ट्यूबलाइटचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, जातील. धोटा हललेला दिसेल, दिसू दे, तेच छान वाटतं. लेन्स मात्र शेडमध्ये बदलू नका, सुताचा भुगा थेट सेन्सरवर बसतो.

चादरीवर कारखान्याचं नाव विणलेलं असतं, ती बाजू दुमडा. नक्षी कुणाची तेही विचारा, कारण डिझाइनलाही मालक असतो. काकांकडून शेडचं प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे मालकाची लेखी संमती, घ्या.

मावशींचं म्हणशील तर कागद हातात देऊन सही मागू नका. पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, तिथलाच कुणीतरी सोबत न्या आणि त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. फोटो कुठंही छापला जाऊ शकतो आणि पुन्हा पैसे मिळणार नाहीत, हे स्पष्ट सांगा. नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर साक्षीदाराचीही सही घ्या, त्या दिवसाची काहीतरी रक्कम हातावर ठेवा आणि पुढच्या खेपेला मोठी प्रिंट फ्रेम करून न्या. मी सात प्रिंट वाटल्या, त्यानंतर त्या गल्लीत मला सहीसाठी विचारावं लागलेलं नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर आई-वडिलांची सही. लहान मूल मागाजवळ दिसलं तर कॅमेरा खाली.

कडक_भाकरी

आणि ते ७ परत आलेले कारणासकट इथं टाका की. नॉइजचे असतील तर दुरुस्त करून पुन्हा देता येतात.

जुळे_सोलापूर

दिवाळीनंतर लिहितोय, उशीर झाला. मागाचे २२ फोटो मंजूर. मावशींनी सही केली, प्रिंट त्यांच्या देवघराशेजारी लागलीय. आजवरची एकूण विक्री ४, जमा १ डॉलर ६१ सेंट.

दिवाळीला मावसभाऊ आला होता. त्याला लॅपटॉप देऊन गॅलरीत बसवलं, 'घरून काम करणारा तरुण' म्हणून पंधरा फोटो काढले आणि रिलीजवर सही घेतली. त्यातला एक काल गेला. आता रोज फोन करून विचारलाला, माझा वाटा किती म्हणून.

पार्क_चौक

दहा सेंटची चिल्लर कुठं मिळते बे?