बाबांना नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) चौकशीला बोलावलंय, काय सांगून पाठवू?

खानापूरकर_पुण्यात

मंडळी, गुरुवारच्या आत सल्ला पाहिजे.

गाव कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात, घाटाच्या अंगाला. मी चाकणला कंपनीत, घरी आई-बाबा दोघंच. बाबा ७१, आई ६६. बाबांना संध्या सुरक्षा या कर्नाटक सरकारच्या वृद्धांच्या योजनेचे महिन्याला बाराशे यायचे. आमच्याकडे त्याला पेन्शन कुणी म्हणत नाही, 'म्हाताऱ्यांचा पगार' म्हणतात. तीन महिने झाले, आलाच नाही. आणि आता तलाठ्याच्या माणसानं कन्नडमधली नोटीस हातात ठेवलीय. शेजारचा आठवीतला पोरगा वाचून दाखवत होता, त्यात 'अनर्ह', म्हणजे अपात्र, असा शब्द आला. बाबांना ऐकू आलं 'अनर्थ'. त्या रात्री जेवले नाहीत.

मी फोटो मागवून धारवाडच्या मित्राकडून वाचून घेतली. पात्रतेची फेरतपासणी आहे, आधार, रेशन कार्ड, पासबुक, उतारा घेऊन हजर राहा, नाहीतर अपात्र धरू, एवढंच होतं त्यात.

कागद जमवीन मी. काळजी आहे ती बाबांच्या तोंडाची. त्यांना गरीब म्हणवून घ्यायला आवडत नाही. मागे कसल्याशा सर्व्हेला आलेल्या बाईंना चहा पाजून वर सांगितलं, "पोरगा पुण्यात साहेब हाय, आमाला काय कमी न्हाई." मी साहेब नाही, शिफ्ट सुपरवायझर आहे. जमीन दीड एकर, ती पण चुलत्यांसोबत सामाईक उताऱ्यावर. आई उलट. ती घाबरून सगळ्यालाच 'नाही' म्हणेल. जूनमध्ये कौलं बदलायला मी चाळीस हजार पाठवले होते, ते पासबुकात दिसतात. ते काय सांगायचं? दोघांकडून चार उत्तरं पाठ करून घेऊ का?

उचगावकर

भावा, आधी पगार खरंच बंद झालाय का ते बघ. सरकारचे पैसे हल्ली खाते नंबरावर नाही, आधारवर जातात, आणि आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथं पडतात. आमच्या मामांनी पीक कर्जासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि सहा महिने जुनंच पासबुक घेऊन भांडत बसले. बाबांच्या सगळ्या खात्यांत एन्ट्री मारून आण.

निपाणीची_ताई

पाठ करून घेऊ नकोस रे दादा. माझ्या सासूबाईंचं काय झालं ते सांगते.

त्यांनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. पीएफ कापला जायचा, त्याची पेन्शन सुरू झाली, हजार रुपये. वर संध्या सुरक्षाचे बाराशे. चौकशीला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "अज्जी, दुसरी पेन्शन आहे का?" सासूबाई ठामपणे "नाही". मी शेजारी बसलेली, घाम फुटला. कारण पासबुकाच्या त्याच पानावर पीएफची एन्ट्री होती, आणि मॅडमचं बोट तिच्यावरच. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात ते कारखान्याचे पैसे, आपल्या बोटांचे. पेन्शन म्हणजे सरकार देतं ते. मी मध्ये पडून समजावलं तर मला उलट दम, "तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या." संध्या सुरक्षा घेणाऱ्याला दुसरी पेन्शन चालत नाही, त्यामुळे बाराशे गेलेच. पण लपवलं असा शिक्का बसता बसता राहिला.

म्हणून उत्तरं नको, शब्द समजावून सांग. उत्पन्न म्हणजे काय, ठेव म्हणजे काय. संध्या सुरक्षाला नवरा-बायकोची मिळून दहा हजारांवर ठेव नसावी असा नियम आहे. तुझे चाळीस हजार आले आणि कौलांत गेले, ती ठेव नव्हे. पण 'कुठले पैसे' म्हटल्यावर बाबा गप्प बसले तर ते ठेवीसारखेच दिसणार. कौलांची पावती पासबुकात घालून दे. आणि आईला सांग, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. 'नाही' आणि 'माहीत नाही' यात लई फरक पडतो.

निवृत्त_कारकून

दोन गोष्टी. भाषेचं म्हणाल तर घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रार-अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठीत लिहून द्या, हक्क आहे. पण काउंटरवर उभं राहून कलम ऐकवू नका, समोरचा बिघडतो आणि गर्दी तुमच्यावर ओरडते. मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, म्हणून सांगतो. मराठी अर्जासोबत कन्नडमधली एक प्रत जोडा, काम लवकर सरकतं. सामाईक उतारा असेल तर बाबांच्या वाट्याचे एकर-गुंठे अर्जात लिहा, नाहीतर पूर्ण क्षेत्र त्यांच्या नावावर धरतील. जे द्याल त्याची पोच घ्या, शिक्क्यासह.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचं स्वतःचं नाव अजून आईच्या रेशन कार्डावर आहे का?

खानापूरकर_पुण्यात

आहे. लग्न झालं नाही म्हणून काढलंच नाही.

निवृत्त_कारकून

मग बाबांच्या तोंडाला बोल लावू नका, अडचण नोटिशीत मागितलेल्या त्या कार्डातच असेल. बीपीएल कार्डाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत लागतं, आणि कुटुंब म्हणजे कार्डावरची माणसं. तुमचा पगार सरकारला संगणकात दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्डं रद्द झाल्याचा गदारोळ झाला, त्यानंतर पुष्कळांची परत दिली, पण सरकारी नोकर आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्यांची नाही. तुम्ही टॅक्स भरता, की नुसतं रिटर्न?

खानापूरकर_पुण्यात

बाइकच्या कर्जासाठी रिटर्न भरलं होतं. टॅक्स शून्य.

निवृत्त_कारकून

रिटर्न वेगळं, टॅक्स वेगळा. त्या रिटर्नची पोच छापून बाबांसोबत द्या. आणि नाव कमी करण्याचा अर्ज गावातल्या 'ग्राम वन' (One) सेवा केंद्रातून टाका. दुरुस्तीचं पोर्टल कधी उघडं असतं, कधी बंद, चार खेपा घालाव्या लागतील. गृहलक्ष्मी या सरकारी योजनेचे दोन हजारही त्याच कार्डावर आईला येत असतील, हे ध्यानात ठेवा.

खानापूरकर_पुण्यात

अपडेट. रजा टाकून बुधवारी रात्रीच्या गाडीनं गेलो. चुलीपुढं बसून दोघांना समजावलं. माझं नाव कार्डावरून काढायचं म्हटल्यावर आई रडायला लागली, "घरातनं काढून टाकालायस व्हय स्वतःला?" तासभर त्यातच गेला.

उचगावकर, तुझं बरोबर निघालं. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे सोसायटीच्या कर्जावेळी उघडलेल्या खात्यात पडून होते. तिसरा महिना मात्र खरंच थांबवलाय.

आत बाबांना एकट्यालाच बोलावलं. दार उघडं होतं, ऐकू येत होतं. जमीन किती? "सामाईक हाय साहेब, माझी दीड एकर." चाळीस हजार? पावती काढली, "कौलं." पोरगा काय करतो? इथं मी डोळे मिटले. "पुण्यात नोकरी करतो, वेगळा राहतो, सणाला येतो." बस. कागद घेतले, शिक्का मारून पोच दिली, वर पाठवतो म्हणाले. नाव कमी करायचा अर्ज बाकी आहे, पोर्टल बंद.

बाहेर आल्यावर मी बाबांना म्हटलं, छान बोललात. तेवढ्यात दारातल्या शिपायानं ओळख काढली, गावातल्याच कुणाचा तरी जावई निघाला. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मोठ्यानं सांगितलं, "हा आमचा. पुण्यात साहेब हाय."