थायलंडचा व्हिसा आणि शिंदेकाकूंच्या भाच्याची नोकरी

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025

मृणाल (बी-302), सकाळी 9.10: नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण थायलंडला जातोय. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आर्यन. बँकॉक, पटाया, मग फुकेत. व्हिसा लागत नाही असं सगळे सांगतात. खरंच काही करायचं नाही का? कुणी अलीकडे जाऊन आलंय?

सागर (बी-704): नाही लागत ताई. पासपोर्ट घ्या आणि निघा. माझे मित्र गेल्या महिन्यातच जाऊन आले.

अनघाताई (ए-104): सागर, असं नको सांगूस रे. व्हिसा नाही, पण नियम आहेत. मृणाल, 15 जुलै 2024 पासून आपल्याला फिरायला म्हणून 60 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ते 30 दिवसांवर आणायची चर्चा तिकडे चालू आहे, तेव्हा निघायच्या आठवड्यात थाई दूतावासाच्या साइटवर पुन्हा एकदा बघ. पासपोर्टची मुदत अजून किमान सहा महिने शिल्लक हवी. सासऱ्यांचा आजच काढून बघ. ज्येष्ठांचे पासपोर्ट वर्षानुवर्षं कपाटात असतात, तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही.

अनघाताई: आणि टीडीएसी, म्हणजे थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, विसरायचं नाही. पूर्वी विमानात कागदाचं कार्ड भरायचो, त्याच्या जागी 1 मे 2025 पासून हे ऑनलाइन आलंय. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. फुकट आहे, एक रुपया लागत नाही. गूगलवर शोधलंस की सगळ्यात वर जाहिरातवाल्या साइट येतात. त्या पैसे घेतात आणि पासपोर्टचा फोटोही घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच’ असेल तरच पुढे जा.

मृणाल: आर्यनचंही भरायचं? आठ वर्षांचा आहे.

अनघाताई: हो, त्याचंही. तान्ह्या बाळाचंही भरावं लागतं.

देशपांडेकाका (सी-201): मृणाल, परतीचं तिकीट आणि हॉटेलच्या बुकिंगची प्रिंट हातातल्या पिशवीत ठेव. मोबाइलवर आहे म्हणून भागत नाही, नेमकी बॅटरी उतरते. आम्ही गेलो तेव्हा आम्हाला विचारलं नाही, पण शेजारच्या रांगेतल्या एका मुलाला बाजूला घेतलं. त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं.

दुसरं, 24 ऑक्टोबरला तिथल्या राजमाता सिरिकिट गेल्या. शोकाचा काळ चालू आहे. पर्यटकांवर सक्ती नाही, पण भडक कपडे टाळा. देवळात आणि ग्रँड पॅलेसला खांदे-गुडघे झाकलेलेच हवेत. पॅलेसला जायच्या दिवशी तो उघडा आहे का ते सकाळी अधिकृत साइटवर बघून घ्या. रस्त्यात टुकटुकवाला “आज पॅलेस बंद आहे, मी दुसरं मंदिर दाखवतो” म्हणाला तर त्याच्यात बसू नका. बँकॉकमधली ही जुनी फसवणूक आहे, शेवटी रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतात.

ॲड. कविता (सी-503): काकांच्या मुद्द्याला जोडून. राजघराण्याबद्दल काहीही वावगं बोलायचं नाही, लिहायचं नाही. त्यांच्या दंडसंहितेचं कलम 112 आहे, 3 ते 15 वर्षं शिक्षा, आणि ते परदेशी माणसालाही लागू होतं. रील बनवताना मागे राजाचा फोटो असेल तर भान ठेवा.

सागर: ताई, दारूचा पण काहीतरी नवा नियम आलाय ना?

ॲड. कविता: आजपासूनच. दुपारी 2 ते 5 विक्रीला बंदी पूर्वीपासून होती. आता त्या वेळात पिणाऱ्यालाही 10,000 बाट किंवा त्याहून जास्त दंड होऊ शकतो. आजच्या भावाने सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. हॉटेलं, परवाना असलेली काही ठिकाणं यांना सूट आहे, पण समुद्रावर बाटली घेऊन बसू नका.

आणि सागर, तुझ्या वयाच्या सगळ्या मुलांसाठी हे कळकळीने लिहितेय. ई-सिगारेट तिकडे बेकायदा आहे, नेऊच नका. गांजाची दुकानं रस्त्यावर उघडी दिसतात, कारण 2022 मध्ये त्यांनी बंदी उठवली होती. या जूनपासून तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतो. पण खरा धोका परत येताना आहे. बँकॉकहून येणाऱ्या विमानांत मुंबई कस्टम्स सारखा हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेला, गांजा पकडतंय. पकडलेल्यांत कमी वयाची मुलं असतात, त्यांना फुकटची ट्रिप आणि वर थोडे पैसे देऊन बॅग सोपवलेली असते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आत गेलं की जामिनासाठी आईवडील कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. कुणाचीही बॅग, पार्सल, खाऊचा डबासुद्धा आपल्या सामानात घ्यायचा नाही. ओळखीचा असला तरी नाही.

मृणाल: बाप रे. बरं, सासूबाईंना गुडघ्यासाठी ट्रामाडोलच्या गोळ्या आहेत, त्या नेता येतील?

अनघाताई: विचारलंस ते फार बरं केलंस. ट्रामाडोल तिकडे नियंत्रित औषध आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, तेही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली घे. गोळ्या पट्टीतच ठेव, डबीत सुट्ट्या काढू नकोस. आणि आधी थाई दूतावासाला मेल टाकून विचार. बदली गोळी चालत असेल तर डॉक्टरांकडून तीच लिहून घे, सगळ्यात सोपं.

देशपांडेकाका: पटायाला जेट स्की घेणार असाल तर आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. परत आल्यावर जुना ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात. पासपोर्ट मात्र अनामत म्हणून कुणालाही, कधीही द्यायचा नाही. वाद झालाच तर टूरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजी बोलतात. ॲम्ब्युलन्स 1669.

स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह टाळा. तिथे चालणारं लायसन्स नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते आणि खासगी हॉस्पिटलचं बिल लाखांत जातं. प्रवास विमा काढताना स्कूटर आणि पाण्यातले खेळ त्यात आहेत का, हे आधी वाचा.

मृणाल: फुकेतला डिसेंबरमध्ये समुद्र कसा असतो?

देशपांडेकाका: चांगला. त्या बाजूचा पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. तरी लाल झेंडा लावला असेल तर पाण्यात पाय टाकायचा नाही. बोटीवर लाइफ जॅकेट आर्यनच्या मापाचं आहे का ते चढायच्या आधी बघ. 2018 च्या जुलैमध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट उलटली होती, 47 माणसं गेली. हवामानाचा इशारा असेल तर भरलेले पैसे सोडून द्या, पण बोटीत चढू नका.

मृणाल: सासऱ्यांची फार इच्छा आहे, बँकॉकहून गाडीने जाऊन कंबोडियातलं अंगकोर वाट मंदिर बघायची.

अनघाताई: रस्त्याने नाही जमणार. जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर पाच दिवस लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी क्वालालंपूरला करार झाला, तरी सीमा उघडलेली नाही. आपल्या दूतावासाने जुलैत सुरिन, सिसाकेत, बुरिराम, उबोन रात्चाथानी, सा काएओ, चांथाबुरी, त्रात या भागांत जाऊ नका असं कळवलं होतं. अंगकोर करायचंच असेल तर विमानाने, आणि कंबोडियाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. मी तर म्हणेन, ते पुढच्या खेपेला ठेवा.

मृणाल: खूप खूप आभार सगळ्यांचे. हे सगळं वहीत उतरवते.

शिंदेकाकू (ए-402), दुपारी 12.40: मी सगळं वाचत होते. एक विचारू का? माझा भाचा मिरजेला असतो, बीसीए झालाय. त्याला बँकॉकला नोकरी लागलीय. येत्या मंगळवारी मुंबईहून विमान आहे. डेटा एंट्रीचं काम, महिना नव्वद हजार, राहणं-जेवण कंपनीचं. एजंट म्हणतो थायलंडला व्हिसा लागत नाही, तिकडे गेल्यावर सगळे कागद होतील. तुम्ही आत्ता 60 दिवसांचं लिहिलंत, मग त्यालाही तेच लागू होईल ना? की नोकरीचं वेगळं असतं?

अनघाताई: काकू, त्याला थांबवा. मी फोन करतेय, उचला.

ॲड. कविता: काकू, घाबरू नका, पण मंगळवारी त्याला विमानात बसू देऊ नका. व्हिसाशिवायचे 60 दिवस फिरायला आहेत. त्यावर नोकरी करता येत नाही. कामाला जायचं तर भारतात असतानाच नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घ्यावा लागतो आणि तिथल्या कंपनीला वर्क परमिट काढावं लागतं. खरी कंपनी कधीच म्हणणार नाही की फिरायला म्हणून ये, मग बघू.

शिंदेकाकू: एजंटने त्याला सांगितलंय की मुंबई विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललोय असंच सांग. परतीचं तिकीटही काढून दिलंय, दाखवण्यापुरतं.

देशपांडेकाका: मग तर शंकाच नको.

सागर: काकू, हे कुठे नेतात मला माहितीये, बातम्यांत आहे. बँकॉकला उतरवतात, गाडीत घालतात आणि म्यानमारच्या सीमेवर नेतात.

अनघाताई, दुपारी 1.25: काकूंशी बोलले. त्यांच्या परवानगीने इथे लिहितेय, कारण ज्यांच्या घरात नोकरी शोधणारी मुलं आहेत त्या सगळ्यांनी वाचायला हवं.

बँकॉकपासून साधारण पाचशे किलोमीटरवर माए सोट नावाचं गाव आहे. पलीकडे मोएई नदी, आणि नदीपलीकडे म्यानमारचं म्यावाडी. तिथे केके पार्कसारखी कुंपण घातलेली, हत्यारबंद पहाऱ्यातली मोठी आवारं आहेत. मुलांना रात्री नदी ओलांडून नेतात. आत गेल्यावर पासपोर्ट आणि फोन काढून घेतात. काम काय, तर खोट्या नावाने बायका-पुरुषांशी ऑनलाइन ओळख वाढवायची, प्रेमाचं नाटक करायचं, मग क्रिप्टोत पैसे गुंतवायला लावून लुबाडायचं. दिवसाला पंधरा-सोळा तास. ठरलेलं टार्गेट झालं नाही तर मारहाण, विजेचे झटके. सोडायचं तर घरच्यांकडे लाखांनी पैसे मागतात.

हे नवीनही नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच इशारा दिला होता की थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली मुलांना म्यानमारला नेलं जातंय. तरी मुलं जात राहिली. या वर्षी मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 283 आणि 266 माणसं माए सोटहून परत आणली. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठहून अधिक लोकांना सोडवलं आणि त्यांना पाठवणाऱ्यांना अटक केली. गेल्या महिन्यात म्यानमारच्या सैन्याने केके पार्कवर धाड घातली, तेव्हा शेकडो भारतीय जीव घेऊन नदीपार थायलंडमध्ये पळाले. परवा गुरुवारी त्यातले 270 विमानाने भारतात आले, त्यांत 26 मुली आणि बायका होत्या.

या मुलांकडे थायलंडचा शिक्का कशाचा असतो? पर्यटकाचा. एजंटांना व्हिसामुक्त प्रवेशाचा फायदा तोच आहे. दूतावासात कुणी कागद तपासत नाही, मुलाखत नाही, कंपनी खरी की खोटी कुणी बघत नाही. आणि पळून परत थायलंडमध्ये आल्यावर बेकायदा शिरल्याबद्दल गुन्हाही त्या मुलावरच लागतो.

मृणाल: वाचून हात थरथरायला लागले. काकू, तो आत्ता कुठे आहे?

शिंदेकाकू: घरीच आहे. पण ऐकत नाहीये. साठ हजार भरलेत त्यांनी. माझ्या बहिणीने सोनं गहाण ठेवलंय. तो म्हणतो मावशी, मुलाखत झालीय, टायपिंगची टेस्ट झालीय, ऑफर लेटर आहे.

ॲड. कविता: मुलाखत कशावर झाली?

शिंदेकाकू: टेलिग्रामवर. समोरचा माणूस दिसला नाही, कॅमेरा बंद होता.

ॲड. कविता: काकू, त्याच्याशी वाद घालू नका. तो खोटा नाही, त्याला नोकरी हवीय आणि त्याचं ते हवं असणं बरोबरच आहे. त्याला दोनच गोष्टी करायला सांगा. एक, ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर त्या एजंटचं नाव आणि परवाना नंबर शोध. परदेशी नोकरीला पाठवायला परवाना लागतो, आणि परवानाधारक एजंटलाही 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. यांनी दुप्पट घेतलेत. दोन, एजंटला लेखी विचार, माझा कामाचा व्हिसा मी इथूनच काढून निघतो, कंपनीची कागदपत्रं द्या. काय उत्तर येतं ते बघू.

शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राला 1800113090 वर फोन करा, टोल फ्री आहे.

शिंदेकाकू, दुपारी 3.50: त्याने दोन्ही केलं. साइटवर एजंटचं नाव नाही. लेखी विचारल्यावर आधी म्हणाला व्हिसाला तीन महिने लागतील, जागा जाईल. मग शिव्या दिल्या. आता फोन उचलत नाही. टेलिग्रामवरचा ग्रुपही उडवलाय.

सागर: ग्रुपचे स्क्रीनशॉट आहेत का?

शिंदेकाकू: आहेत म्हणतो. पैसे पाठवल्याच्या पावत्याही आहेत.

ॲड. कविता: उत्तम. काहीही डिलीट करू नको म्हणावं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आत्ता लगेच फोन करायला सांगा, पैसे ऑनलाइन गेले असतील तर ते खातं गोठवायचा प्रयत्न होतो, तिथे एकेक तास महत्त्वाचा. मग मिरजेच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. मसुदा मी करून देते. साठ हजार परत येतीलच असं मी सांगणार नाही, पण त्याच एजंटने मंगळवारच्या विमानात आणखी मुलं बसवली असतील, त्यांच्यासाठीही ही तक्रार आजच व्हायला हवी.

शिंदेकाकू: त्याने आत्ता सांगितलं, ग्रुपमध्ये अजून चौघं होते. एक इस्लामपूरचा, एक बार्शीचा. दोघांचे नंबर त्याच्याकडे आहेत.

अनघाताई: त्या दोघांना त्यानेच फोन करावा. आपल्यापेक्षा त्याचं ऐकतील.

देशपांडेकाका: काकू, तुम्ही आज रात्रीच मिरजेला निघणार असाल तर स्टेशनपर्यंत मी सोडतो. गाडी साडेआठला काढतो, खाली या.