मदत हवी आहे: दोन कॉलमना एकच फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया), वरची सळ्यांची जाळी काढली तर चालेल का?

डिचोलीकर: घराचं काम चालू आहे. पीसीसी (फुटिंगखालचा बिनसळीचा काँक्रीटचा थर) झालंय, परवा फुटिंगचं काँक्रीट. ड्रॉइंगमध्ये फुटिंगला खाली जाळी आहे आणि वरही आहे. मिस्त्री म्हणतो, फुटिंगला वर सळी कोण घालतो? इंजिनियर फोन उचलत नाहीत. पाऊस तोंडावर आलाय, कृपया लवकर सांगा.

पायाभरणी: कॉलम किती अंतरावर? एखादा हद्दीला लागून आहे का? लोड किती, जमीन कसली? काहीच लिहिलं नाहीत.

बार्देशकर: हे सगळं सोडा, राफ्ट (अख्ख्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया) घाला. मी म्हापशाला घातली, सात वर्षांत एक भेग नाही.

पायाभरणी: खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळच्या) चिखलात राफ्ट समजू शकतो. दोन कॉलमांपायी अख्खं घर राफ्टवर कशाला?

बार्देशकर: एकदाच खर्च, पण झोप शांत लागते.

डिचोलीकर: राहिलंच सांगायचं. एक कॉलम शेजाऱ्याच्या कुंपणाला चिकटून, दुसरा ८ फूट आत, दोन्ही ९ इंची. बाहेरच्यावर ३० टन, आतल्यावर ५० टन. खाली जांभा, १५ टन प्रति चौरस मीटर भार पेलेल असं धरलंय. फुटिंग १० फूट ९ इंच बाय ६ फूट.

सळीबांधणी: वेगळी फुटिंग करून मध्ये स्ट्रॅप बीम (दोन्ही फुटिंग जोडणारी तुळई) टाका. काँक्रीट वाचेल.

पायाभरणी: ८ फुटांत काय वाचणार? शिवाय स्ट्रॅप जमिनीवर टेकता कामा नये, आणि यांचं पीसीसी झालंय.

डिचोलीकर, माप बरोबर आहे. दोन्ही लोडचा मध्य बाहेरच्या कॉलमपासून ५० × ८ ÷ ८० = ५ फुटांवर. कॉलमचा मध्य कडेपासून साडेचार इंच आत. म्हणजे अर्धी लांबी ५ फूट साडेचार इंच, दुप्पट केली की १० फूट ९ इंच. फुटिंगचा मध्य लोडच्या मध्याखाली आला की पाया एका बाजूला कलत नाही.

आता वरची जाळी. चित्र उलटं धरून बघा: कॉलम आधार झाले आणि जमिनीचा दाब लोड. दोन कॉलमांच्या मध्ये ताण फुटिंगच्या वरच्या अंगाला येतो, तडा तिथूनच जाईल. एका कॉलमच्या फुटिंगला बहुधा वर सळी लागत नाही, मिस्त्री तेच करत आला असणार. इथे काढू नका.

थिवीकर: वाळवीची फवारणी केली का? आमच्या चौकटी दोन वर्षांत पोखरल्या.

डिचोलीकर: मिस्त्रीला उलटं चित्र दाखवलं, पटलं त्याला. पण वरच्या सळ्या मध्ये झोळीसारख्या लोंबतायत. खालच्या जाळीखाली चिऱ्याचे तुकडे लावलेत, चालतील?

पायाभरणी: तुकडे आजच काढा. चिरा पाणी ओढतो, सळी गंजेल. खाली ५० मिमीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक (सळी तळापासून उचलून धरणारे ठोकळे). वरच्या जाळीला सळीच्या चेअर (जाळी वर धरणारे, सळी वाकवून केलेले टेकू), मीटरभर अंतरावर. मजूर वरून चालणारच, तेव्हा बारीक सळीच्या नकोत. आणि इंजिनियरना जाळी दाखवल्याशिवाय काँक्रीटची गाडी बोलावू नका.

डिचोलीकर: त्यांचा फोन आला. उद्या सकाळी आठला साइटवर येतायत.