मदत हवी आहे: लिंटिंग (कोडमधल्या चुकांची आपोआप तपासणी) फक्त बदललेल्या ओळींवर कसं लावायचं?

पायथनच्या जुन्या प्रोजेक्टला रफ (Ruff, लिंटिंगचं टूल) लावतोय. प्री-कमिट हुक (कमिट होण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) बसवला, तो कमिटमधल्याच फाइल्स बघतो हे ठीक, पण एक ओळ बदलली तरी त्या अख्ख्या फाइलच्या जुन्या चुका अंगावर येतात, मग लोक सरळ नो-व्हेरिफाय (हुक टाळायचा पर्याय) टाकून मोकळे होतात आणि हुक असून नसल्यासारखा. रफचा ॲड-नोक्यूए (चूक असलेल्या ओळीवर ‘दुर्लक्ष कर’ अशी कॉमेंट टाकणारा पर्याय) वापरून जुन्या चुका दाबून पाहिल्या, पण ओळीओळीला कॉमेंट्स, कोड वाचवत नाही. सगळा कोड एकदम दुरुस्त करणं सध्या शक्य नाही, बऱ्याच ब्रांच उघड्या आहेत, मर्ज करताना हाल होतील. सीआय (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) गिटहब ॲक्शन्सवर आहे. तिथे पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीत) नव्या किंवा बदललेल्या ओळींत चूक असेल तरच चेक फेल व्हावा, असं कुणी केलंय का, आणि कशाने?