मदत हवी आहे : कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शिक्षिकेला टीईटी द्यावी लागेल की नाही?

इयत्ता_चौथी (शीव)

नमस्कार. मी मुंबईतील एका कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेविषयी (टीईटी) निकाल दिल्यापासून आमच्या शिक्षक-खोलीत दोन तट पडले आहेत. आमची शाळा अल्पसंख्याक असल्यामुळे टीईटी आपल्याला लागू नाही, असे मुख्याध्यापिका सांगतात. तर दोन वर्षांत उत्तीर्ण झालो नाही तर नोकरी सोडावी लागेल, असे शेजारच्या शाळेतील सर सांगतात. राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा २३ नोव्हेंबर २०२५ ला आहे आणि अर्ज भरायला फार थोडे दिवस उरले आहेत. मला सोमवारपर्यंत ठरवायचे आहे. कृपया ‘निकाल वाचा’ असे सांगू नये. मला हो किंवा नाही, एवढेच उत्तर हवे आहे.

खडू_फळा (गोरेगाव)

ताई, एका शब्दात उत्तर देता येईल, पण त्याआधी तुमची जन्मतारीख, नियुक्तीची तारीख, तुम्ही शिकवता ते वर्ग आणि शाळा कोणाची आहे, हे कळले पाहिजे. महापालिकेची की खासगी संस्थेची? अनुदानित की विनाअनुदानित?

इयत्ता_चौथी (शीव)

शाळा कन्नड माध्यमाची आहे, असे मी वर लिहिलेच आहे. महाराष्ट्रात कन्नड भाषक अल्पसंख्याक आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या जन्मतारखेचा त्याच्याशी काय संबंध, हे मला समजले नाही.

भरतीची_वाट (मुलुंड)

ताई, राज्याच्या पवित्र पोर्टलवरील शिक्षक भरतीसाठी नुसती टीईटी पुरेशी नसते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही (टेट) द्यावी लागते. ती २०० गुणांची असते, त्यात अभियोग्यतेला १२० आणि बुद्धिमत्तेला ८० गुण असतात. मी यंदा ती दिली आहे. हवे असल्यास माझ्या सरावाच्या वह्या देईन.

खडू_फळा (गोरेगाव)

ताई सेवेत आहेत, त्यांना नवी भरती नको आहे. टीईटी आणि टेट यांच्यातील गोंधळ आधीच पुष्कळ आहे. कृपया या धाग्यात तो आणखी वाढवू नये.

उर्दू_वर्ग (गोवंडी)

बाई, तुमच्या पहिल्याच वाक्यात गफलत आहे आणि हीच गफलत आमच्या शाळेत आम्ही सर्वांनी केली होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातील प्रत्येक मूल मुस्लिम आहे, शिकवण्याची भाषा उर्दू आहे आणि शाळेतील बहुतेक शिक्षकही मुस्लिम आहेत. तरीही माझी शाळा अल्पसंख्याक शाळा नाही, कारण ती महापालिकेने स्थापन केली आणि महापालिकाच ती चालवते. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. त्यांपैकी एकाही शाळेला माध्यमाच्या आधारावर सूट मागता येणार नाही. माध्यम ही शिकवण्याची भाषा आहे, तर दर्जा हा शाळा कोणी स्थापन केली आणि कोण चालवते यावर ठरतो. तुमची शाळा महापालिकेची असेल, तर उत्तर ‘हो, द्यावी लागेल’ असे आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक (दादर)

उर्दू_वर्ग यांनी नेमका मुद्दा मांडला आहे. त्यामागील कायद्याची वाट थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढील उत्तरे तपासून घेता येतील.

बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान अर्हता ठरवली जाते आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी त्या अर्हतेत आली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ती नव्या नियुक्त्यांसाठी अनिवार्य केली आणि राज्याची पहिली परीक्षा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाली. दुसरीकडे, संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) ने धर्म किंवा भाषा यांवर आधारित अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, असे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये टी.एम.ए. पै प्रकरणात सांगितले. म्हणून कन्नड भाषक महाराष्ट्रात अल्पसंख्याक ठरतात आणि मराठी भाषक कर्नाटकात. पुढे ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही असे ठरवले.

आता १ सप्टेंबरच्या निकालाविषयी. तो दोन न्यायाधीशांच्या पीठाचा आहे, म्हणून त्यांनी प्रमतीचा निकाल मोडला नाही. मात्र त्याविषयी गंभीर शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. तो सुटेपर्यंत अल्पसंख्याक संस्थांतील शिक्षकांना टीईटीची सक्ती नाही. बाकीच्या सर्व शाळांत, २००९ च्या कायद्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही ती लागू आहे. ज्यांच्या निवृत्तीला निकालाच्या दिवशी पाच वर्षांहून कमी काळ उरला होता, ते टीईटीविना सेवेत राहू शकतात, पण त्यांना पदोन्नती मिळणार नाही. ज्यांचा याहून अधिक काळ उरला आहे, त्यांना दोन वर्षांत, म्हणजे ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत, उत्तीर्ण व्हावे लागेल. जन्मतारीख विचारली ती यासाठी.

इयत्ता_चौथी (शीव)

सर, मनापासून आभार. आधी माहिती दिली नाही, याबद्दल क्षमा असावी. माझा जन्म मार्च १९७९ चा आहे. मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात आहे, अध्यापन पदविकेपर्यंतचे शिक्षण कन्नडमधून झाले. जून २००६ मध्ये शिक्षण सेवक म्हणून लागले आणि तीन वर्षांनी कायम झाले. वर्ग चौथीचा आहे. शाळा खासगी संस्थेची असून शंभर टक्के अनुदानित आहे. संस्था कन्नड भाषकांनीच स्थापन केली आहे. म्हणजे आम्हाला सूट आहे, असेच ना?

निवृत्त_मुख्याध्यापक (दादर)

वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे ३१ मार्च २०३७ रोजी तुम्ही निवृत्त व्हाल. त्यामुळे पाच वर्षांची सवलत तुम्हाला नाही. आता प्रश्न एकच उरतो. तुमच्या संस्थेकडे भाषिक अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र आहे का, आणि त्यात तुमच्या प्राथमिक शाळेचे नाव आहे का? भाषिक अल्पसंख्याकांना ते राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून घ्यावे लागते, कारण दिल्लीतील राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग केवळ धार्मिक अल्पसंख्याकांपुरता आहे. लिपिकाकडून मूळ कागद मागून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

कायदा_वाचक (माटुंगा)

सरांचा आदर राखून असहमती नोंदवतो. प्रमाणपत्राने दर्जा निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एन. अम्मद प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की शासनाची घोषणा म्हणजे संस्थेच्या आधीपासूनच असलेल्या स्वरूपाची उघड स्वीकृती असते. संस्था कन्नड भाषकांनी स्थापली असेल आणि तेच ती चालवत असतील, तर ती आजही अल्पसंख्याक संस्थाच आहे, कागद असो वा नसो. या शिक्षिकेला उगाच घाबरवू नये.

खडू_फळा (गोरेगाव)

तुमचे म्हणणे न्यायालयात टिकेल, हे मी मान्य करतो. पण मी अकरा वर्षे अनुदानित शाळेत कार्यालयीन काम पाहिले आहे आणि शिक्षकाच्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेची धारिका एका कागदावाचून किती महिने पडून राहते, हे जवळून पाहिले आहे. टेबलावर बसलेला अधिकारी १९९८ चा निकाल विचारत नाही, तो प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर ताईंना याचिका करावी लागेल, आणि ती चालू असताना ऑगस्ट २०२७ निघून जाईल. घरात पगार आणणाऱ्या माणसाने आपली नोकरी युक्तिवादावर टांगून ठेवू नये.

कायदा_वाचक (माटुंगा)

मी परीक्षा देऊ नका असे म्हटलेले नाही. हक्क सोडू नका, एवढेच म्हटले आहे. मोठ्या पीठाचा निर्णय अल्पसंख्याक संस्थांच्या बाजूने आला, तर ज्या संस्थांनी स्वतःच आपला दर्जा कधी सांगितला नाही, त्यांच्या शिक्षकांना त्याचा लाभ मिळवणे अवघड जाईल. संस्थेने आजच अर्ज करावा.

सीटीईटी_उत्तीर्ण (ठाणे)

माझा अनुभव असा आहे की राज्याच्या परीक्षेपेक्षा केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा (सीटीईटी) द्यावी. तिच्यात वीस भाषांपैकी कोणत्याही दोन निवडता येतात आणि कन्नड त्यांत आहे. प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते, पूर्वीची सात वर्षांची मर्यादा २०२१ मध्ये काढली गेली. मी २०१९ पासून सर्वांना हेच सांगत आलो आहे.

उर्दू_वर्ग (गोवंडी)

आजीवन वैधता राज्याच्या प्रमाणपत्रालाही आहे. आणि केंद्रीय परीक्षेत भाषेचे साठ प्रश्न सोडले, तर उरलेले नव्वद प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात. ज्या शिक्षिकेने आयुष्यभर गणित कन्नडमध्ये शिकवले, तिने ते हिंदीत वाचून वेळेत सोडवावे, ही अपेक्षा सोपी नाही.

तमिळ_शाळा (धारावी)

सर, तरी निवड तुमच्याकडे आहे. राज्याच्या परीक्षेत पहिल्या भाषेसाठी मराठी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, बंगाली, गुजराती, तेलुगू, सिंधी आणि कन्नड आहेत, तमिळ नाही. माझ्यासारख्या तमिळ माध्यमाच्या शिक्षिकेला आपल्या भाषेत पात्रता सिद्ध करायची, तर केंद्रीय परीक्षेशिवाय मार्ग नाही. मुंबईत तमिळ शाळा चालतात, त्यांत शिक्षक नेमले जातात, मग त्यांच्या भाषेची प्रश्नपत्रिका का नसावी? मला हे फार लागते.

नवा_सदस्य_पनवेल

माझे बी.एड. झाले आहे. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक देऊ का?

निवृत्त_मुख्याध्यापक (दादर)

त्या वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य धरणारी २०१८ ची अधिसूचना ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने गेली. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन द्यावा. अधिक विचारायचे असल्यास वेगळा धागा काढावा.

वर्गशिक्षक_घाटकोपर

मला या सगळ्याचेच वाईट वाटते. वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाची पात्रता अडीच तासांच्या बहुपर्यायी परीक्षेने ठरवायची? मी गुजराती माध्यमात आहे. आमच्याकडील पटसंख्या दरवर्षी घटते, उरलेल्या मुलांसाठी आम्ही घरोघरी जातो. त्याचे गुण कोणत्या पेपरात मिळणार?

तमिळ_शाळा (धारावी)

सर, तुमचे दुःख माझेही आहे. पण आपल्या शाळांत येणारी मुले बहुतेक गरीब घरची आहेत. त्यांच्या शिक्षकाची पात्रता इतर शाळांपेक्षा कमी चालेल, असे आपणच म्हणू लागलो, तर त्या मुलांच्या बाजूने कोण बोलणार? परीक्षा असावी, ती आमच्या भाषेत असावी आणि तयारीला वेळ मिळावा.

इयत्ता_चौथी (शीव)

आज शाळेतील कपाट उघडून कागद पाहिले. शाळेच्या मान्यतेच्या आदेशात ‘माध्यम : कन्नड’ एवढेच आहे. अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र कुठेही नाही. संस्थेच्या कार्यवाहांना विचारले असता ते म्हणाले की आपण सगळे कन्नडच आहोत, त्यामुळे असा अर्ज करण्याची गरज कधी वाटली नाही. मी आणि मुख्याध्यापिका दोघीही इतकी वर्षे माध्यम आणि दर्जा एकच समजत होतो. संस्था आता अर्ज करणार आहे. पण मी त्याची वाट पाहणार नाही, टीईटीचा अर्ज भरते. दुसरी भाषा मराठी घ्यावी की इंग्रजी? आणि अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग सांभाळून तयारी कशी करावी?

उर्दू_वर्ग (गोवंडी)

बाई, मराठीच घ्या. तुमचे लिहिणे पाहता त्या तीस प्रश्नांची चिंता नाही. अर्जातील माध्यम आणि भाषा यांचा तक्ता मात्र दोनदा वाचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असे प्रत्येकी तीस प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के.

मी उर्दूतून शिकवत असल्यामुळे माझी अडचण विषयाची नव्हती, शब्दांची होती. लघुतम साधारण विभाज्य रोज फळ्यावर काढतो, पण प्रश्नपत्रिकेत ‘लसावि’ वाचून क्षणभर थांबावे लागते. त्यावर मी असा उपाय केला, की बालभारतीचे उर्दू आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवून तिसरी ते पाचवीचे गणित आणि परिसर अभ्यास ओळीने वाचले आणि वेगळ्या वहीत दोन्ही भाषांतील शब्द समोरासमोर लिहिले. बालभारतीची कन्नड पुस्तके तुमच्या वर्गात आहेतच. मराठी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पियाजे, व्हायगॉट्स्की आणि कोहलबर्ग हे मानसशास्त्रज्ञ मात्र पदविकेच्या जुन्या वहीतून पुन्हा काढावे लागतील.

इयत्ता_चौथी (शीव)

शब्दांची वही आजपासून सुरू करते. पदविकेची वही गावी अक्कलकोटला आहे, भावाला पाठवायला सांगितली आहे. तमिळ शाळेच्या बाई, धारावी आणि शीव जवळच आहेत. परीक्षा वेगळ्या असल्या तरी बालमानसशास्त्राचा भाग सारखाच आहे. रविवारी सकाळी दोघींनी मिळून वाचायचे का?

तमिळ_शाळा (धारावी)

अवश्य. दहा वाजता शीव स्थानकाबाहेर भेटू. दोन सहकारी बाईही येतील.