लिबर्टेरियनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? उदारमतवादी पटत नाही

पाचपाखाडीकर:
मंडळी, एक शब्द अडलाय, मदत करा. मुलगी टीवायबीएला आहे, पॉलिटिकल सायन्स, पेपर मराठीतून लिहिते. तिच्या नोट्समध्ये लिबरल म्हणजे उदारमतवादी लिहिलंय आणि दोन पानं उलटली की लिबर्टेरियन म्हणजे पण उदारमतवादीच. आता प्रश्न येतो रॉल्स आणि नोझिक या दोन अमेरिकन विचारवंतांची तुलना करा, तर दोघांनाही एकच पाटी लावून कसं भागेल, लिबरल रॉल्स म्हणतो विषमता चालेल पण तिच्यातून सगळ्यात खालच्या माणसाचं भलं होत असेल तरच आणि लिबर्टेरियन नोझिक म्हणतो माणसाने रीतसर कमावलेलं सरकारने वाटपासाठी काढून घेणं हाच अन्याय. दोघेही हार्वर्डला, एकाच काळातले, आणि एकदम समोरासमोर उभे. सोबत लिमिटेड गव्हर्नमेंट आणि फ्री मार्केटलाही शब्द सुचवा. पेपरात चालेल आणि घरी बोलतानाही जीभ अडखळणार नाही असा काहीतरी हवा.

नेरूळची वाचक:
स्वातंत्र्यवादी?

पाचपाखाडीकर:
ताई, मी तोच सांगितला होता. मुलगी म्हणाली बाबा हे स्वातंत्र्यसैनिकासारखं वाटतं, म्हणजे इंग्रजांना घालवणारे. मला पण मग तसंच ऐकू यायला लागलं.

वाशी मार्केटवाला:
दादा तुमची शंका अगदी बरोबर आहे आणि यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उदारमतवादी हा शब्द महाराष्ट्रात आधीच भरलेला आहे, त्यात रानडे आहेत, गोखले आहेत, मवाळ पक्ष आहे. आणि हे लोक विचाराने मोकळे होते, सुधारक होते, पण बाजाराच्या बाबतीत सरकारने हात बांधून बसावं असं त्यांचं म्हणणं अजिबात नव्हतं. रानड्यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजात जे व्याख्यान दिलं त्याचा सगळा रोख हाच होता की इंग्लंडात लागू पडणारा मुक्त व्यापाराचा सिद्धांत हिंदुस्थानाला जसाच्या तसा लागू पडत नाही, इथे उद्योग उभे राहायला सरकारने मदत केली पाहिजे. गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, म्हणजे सरकारने अजून एक काम अंगावर घ्यावं म्हणून. आता या माणसांचा शब्द उचलून नोझिकला दिला तर दोघांवरही अन्याय होतो. शिवाय उदार म्हटलं की साध्या मराठी माणसाच्या डोळ्यापुढे सढळ हाताने देणारा येतो, उदार सरकार म्हणजे अनुदान देणारं, कर्ज माफ करणारं सरकार. लिबर्टेरियनला तर सरकारचा हात सढळ नकोच आहे, कारण तो देणारा हात आधी कुणाच्यातरी खिशात गेलेला असतो असं त्याचं म्हणणं.

मी स्वतः व्यक्तिस्वातंत्र्यवादी वापरतो. लांब आहे, मान्य. पण त्यात स्वातंत्र्य कुणाचं ते कळतं, देशाचं नाही, समाजाचं नाही, एकेका माणसाचं.

नेरूळची वाचक:
व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हटलं तर मी पण आहे की, कुणी काय खावं काय घालावं यात नाक खुपसू नये म्हणणारे सगळेच आहेत. पण मी रेशन बंद करा म्हणणाऱ्यातली नाही. म्हणजे शब्द परत पसरट झाला. इंग्रजीत तरी तो एवढा नेमका आहे का?

वाशी मार्केटवाला:
ताई चांगला मुद्दा. इंग्रजीतही नव्हता. राजकीय अर्थाने हा शब्द आधी डाव्यांचा, 1857 मध्ये जोसेफ देजाक नावाच्या फ्रेंच अराज्यवाद्याने तो स्वतःसाठी वापरला आणि तो माणूस मालमत्तेच्या विरोधातला होता! अमेरिकेत मग रूझवेल्टच्या काळापासून लिबरल म्हणजे कल्याणकारी सरकार हवं म्हणणारा असा अर्थ रुळला, आणि जुन्या अर्थाने लिबरल असलेले लोक बिनानावाचे राहिले. 1955 ला डीन रसेल याने सुचवलं की आपण लिबर्टेरियन म्हणवून घेऊ. 1971 ला तिथे त्या नावाचा पक्षच निघाला. म्हणजे शब्दाने घर बदललंय, एकदम उलट्या बाजूला गेलाय. आपल्याकडे त्याला नवीन घर द्यायचं तर जुन्या भाडेकरूला न हलवता द्यावं एवढंच माझं म्हणणं.

कोपरीचे काका:
लहान तोंडी मोठा घास घेत नाही, वयाने मोठाच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्री मार्केटला मुक्त बाजार म्हणा, खुला बाजार म्हणा, आमच्या घरात त्याला मोकाट बाजार म्हणायचे. वडील मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. त्यांच्या मजुरीचा भाव मुकादम ठरवायचा, आज काम आहे उद्या नाही, पाठ गेली तर घरी बसा. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, 1969 ला माथाडी कायदा झाला, बोर्डं आली, तेव्हा कुठे आमच्या घरात प्रॉव्हिडंट फंड हा शब्द आला. मी ठाण्यात राहतो ते त्या कायद्यामुळे. तेव्हा शब्द देताना ज्याच्या पाठीवर ओझं होतं त्यालाही विचारा.

वाशी मार्केटवाला:
काका, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे आणि मुकादमाने पिळलं हे खरंच आहे, त्याला मी बाजाराची करणी नाही असं म्हणून उडवून लावणार नाही. पण मोकाट हा शब्द मला नको वाटतो कारण मोकाट म्हणजे धनी नसलेलं, कसलाच नियम नसलेलं. फ्री मार्केटवाले नियम नको म्हणत नाहीत. करार पाळला पाहिजे, मापात पाप नको, जबरदस्ती नको, फसवणूक केली तर कोर्टाने धरावं, हे सगळं त्यांना हवंच आहे. नको काय, तर कुणी कुणाला कुठे विकायचं हे वरून ठरवणं.

आमच्याच मार्केटचं बघा ना. 1963 च्या कायद्याने शेतमालाची पहिली विक्री बाजार समितीच्या आवारातच व्हायला हवी असं झालं. हेतू चांगला होता, गावातल्या सावकार-व्यापाऱ्याकडून शेतकऱ्याची सुटका व्हावी. झालं काय, तर शेतकरी एका आवारात आणि एका लायसन्सवाल्याकडे बांधला गेला. माझे मामा जुन्नरहून कांदा पाठवायचे, त्यांची जुनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, माझ्याकडे आहे. वर गोण्या, वजन, भाव. खाली कापाकापी सुरू, आडत म्हणजे दलाली, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. सगळ्यात खाली निव्वळ देणे, आणि तो आकडा वरच्या आकड्याच्या शेजारी ठेवून बघवत नाही. मामांना दुसरीकडे विकायची सोय असती तर त्यांनी भांडण करायचीही गरज नव्हती, गाडी दुसरीकडे वळवली असती, बास. 2016 च्या जुलैत फळं-भाज्या नियमनातून काढल्या आणि आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्या वेळी पेपरात रोज येणारा शब्द आठवतो का, नियमनमुक्ती. डीरेग्युलेशनला इतका चांगला, सगळ्यांना कळणारा शब्द कुणी कमिटी बसवून केला नाही, तो बातम्यांतून आणि बाजारातून रुळला.

पाचपाखाडीकर:
हे फार कामाचं आहे, नियमनमुक्ती लिहून घेतला. मग मार्केटला मुक्त की खुला?

वाशी मार्केटवाला:
माझं मत खुला. मुक्त शब्दाची मराठीत एक अडचण आहे, मागे जोडला की त्याचा अर्थ त्या गोष्टीपासून सुटका होतो. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव, कर्जमुक्त शेतकरी. मुक्त बाजार लिहिलं तर ठीक, पण मुलं घाईत बाजारमुक्त लिहितात आणि अर्थाचा पार उलटा होतो. खुलामध्ये दोन अर्थ एकत्र येतात, कुणालाही यायला मोकळा, आणि उघड, झाकलेला नाही. हा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हापूसच्या सीझनला रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली, आडत्या आणि खरेदीदार दोघांनाच भाव कळणार, आणि ज्याचा आंबा तो शेजारी उभा राहून फक्त रुमाल बघणार. काका, हा मोकाट बाजार म्हणा हवं तर, खुला तर नाहीच. हायेकचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे, की भाव म्हणजे निरोप असतो, हजारो लोकांना काय हवंय आणि काय कमी पडतंय याचा. निरोपच रुमालाखाली दाबला तर रत्नागिरीतल्या माणसाला काय कळणार.

कोपरीचे काका:
रुमालाचं पटलं. मोकाट मागे घेत नाही पण खुला आणि मोकाट वेगळे हे मान्य.

नेरूळची वाचक:
लिमिटेड गव्हर्नमेंट राहिलं. मर्यादित सरकार म्हटलं की मला आमच्या सोसायटीची कमान दिसते, सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित 🙂 तिथे मर्यादित म्हणजे सभासदाची जबाबदारी मर्यादित. सरकारची जबाबदारी मर्यादित असा अर्थ कुणी घेतला तर ते हात झटकणारं सरकार वाटेल. मर्यादा सत्तेला आहे हे शब्दात आलं पाहिजे. मर्यादित सत्तेचं सरकार?

वाशी मार्केटवाला:
ताई, हा एकदम फिट आहे. आणि लहान सरकार हा अर्थ पण यातून टळतो, कारण मुद्दा नोकर किती हा नाहीये, सरकारला काय करायची परवानगीच नाही हा आहे. आपल्याकडे या मर्यादेचं काय झालं त्याचं उदाहरण मालमत्तेच्या हक्काचं. घटनेत तो मूलभूत अधिकार होता, 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने काढला, आता 300 अ कलमात साधा कायदेशीर हक्क आहे. हे नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शहर वसवणाऱ्या सिडकोसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, भाव सरकारने ठरवला, 1984 ला जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे, डाव्या विचाराचे नेते, पण मागणी काय होती, आमची जमीन आमच्या मर्जीविरुद्ध आणि कवडीमोल भावाने घेऊ नका. ही मागणी कुठल्याही लिबर्टेरियन माणसाने शब्द न बदलता केली असती.

नोझिकच्या मिनिमल स्टेटला मात्र रखवालदार राज्य म्हणा, पोलीस, कोर्ट, सैन्य, बाकी नाही. गंमत म्हणजे रात्रीचा पहारेकरी ही उपमा मूळची लासाल या जर्मन समाजवाद्याची, 1862 मध्ये टोमणा म्हणून दिलेली.

पाचपाखाडीकर:
मराठीत असं कुणी राजकारण केलंय का, उदाहरणाला नाव हवं.

वाशी मार्केटवाला:
शरद जोशी! चाकणचं कांदा आंदोलन 1980 चं, जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा देणारा शेतकरी नेता दुसरा दाखवा. 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, नावात राजाजी आणि मिनू मसानींच्या 1959 च्या स्वतंत्र पक्षाची आठवण. त्या पक्षाने 1967 ला लोकसभेत 44 जागा घेतल्या होत्या, लायसन्स-परमिट राज हा शब्दप्रयोग राजाजींमुळेच घरोघरी गेला. आणि 1989 पासून पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, म्हणजे या विचाराच्या माणसाला दारातच खोटं बोलायला लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मुलीला सांगा की पेपरात पहिल्यांदा येईल तिथे 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी, म्हणजे खुला बाजार आणि मर्यादित सत्तेचं सरकार मानणारे' असं पूर्ण लिही. नेरूळच्या ताईंची रेशनची शंका पण त्याने मिटते.

नेरूळची वाचक:
हो, असं लिहिलं तर मी त्यात येत नाही हे स्पष्ट आहे, चालेल.

पाचपाखाडीकर:
सगळ्यांचे आभार. शेवटचा एक, लेझे फेअर. नोट्समध्ये निर्हस्तक्षेप आहे, मुलीला तो पाठच होत नाही.

कोपरीचे काका:
याला मी सांगतो. फ्रेंच लोक म्हणायचे करू द्या, जाऊ द्या. आपल्याकडे जाऊ द्या म्हणजे सोडा तो विषय, तिथे मात्र माल जाऊ द्या, नाक्यावर अडवू नका. मुलीला मुलुंडचा जकात नाका दाखवा, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, त्याआधी तिथे ट्रकची रांग कुठपर्यंत यायची ते तुम्ही पाहिलंय. पेपरात निर्हस्तक्षेपाचं धोरण लिहू दे आणि पुढच्या वाक्यात माल न अडवणं, भाव न बांधणं असं दोन शब्दांत उलगडू दे, तपासणाऱ्यालाही बरं वाटेल.